तिहेरी अस्तराची पिशवी

१ सप्टेंबर

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. झालं असेल तर तुझ्या फोनला झालंय. गेल्या तीन आठवड्यांत मी तुला अकरा वेळा फोन केला आणि अकराही वेळा तीच ती गोड आवाजाची बाई म्हणाली, की ही व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. शेवटी मी तिलाच सुनावलं, की बाई गं, माझी बहीण चाळीस वर्षांत त्या शिवणयंत्राच्या क्षेत्राबाहेर गेलेली नाही, तू कुठल्या जगात आहेस? तिने काही ऐकून घेतलं नाही. मग तुझ्या शेजारच्या औषधवाल्याचा नंबर जुन्या वहीत सापडला. तो म्हणाला, अक्का ठणठणीत आहेत, गळ्यात टेप अडकवून गिऱ्हाइकावर ओरडताहेत. जिवात जीव आला, आणि पाठोपाठ रागही आला.

हा सगळा खटाटोप मी तुझ्या भावजयीच्या फोनवरून केला, कारण माझा फोन तांदळात आहे. हसू नकोस. मागच्या महिन्यात कपड्यांच्या बादलीवर वाकलो आणि शर्टाच्या खिशातून फोन डुबुक्कन साबणाच्या पाण्यात. माझी अडतीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात गेली, भिजलेले सेट किती पाहिलेत ते विचारू नकोस. मी म्हटलं, आधी बंद कर, खोलून पुसू, पंख्याखाली ठेवू. तोवर बाईसाहेबांनी तो तांदळाच्या डब्यात तळाशी पुरलासुद्धा! तांदूळ पाणी ओढून घेतो म्हणे. कुणी सांगितलं? तर सगळेच सांगतात. नऊ दिवसांनी वर काढला तेव्हा चार्जिंगच्या भोकात एक दाणा घट्ट रुतलेला आणि काचेवरून दोन पोरकिडे फिरायला निघालेले. फोन काही सुरू झाला नाही. तिचं म्हणणं, दहावा दिवस भरू द्यायला हवा होता. म्हणून परत पुरलाय. काय बोलणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. जेवणाला साबणाचा वास येतो ते वेगळंच.

फोनबरोबर त्यातले सगळे नंबर गेले. तुझा तेवढा तोंडपाठ होता, तर तू अशी.

आता खरं विचारायचं ते विचारतो. भिंगरीचं काय? मे महिन्यात तुम्हा मायलेकींचं वाजलं एवढंच मला कळलंय. पोटच्या पोरीशी चार-चार महिने अबोला म्हणजे काय गं? तिकडे ती लिफ्ट दुरुस्त करत बसलीय, इकडे तू गणवेश शिवत बसलीस, आणि दोघींपैकी कुणी मान खाली घालेल तर शपथ. खाण तशी माती! काय झालं ते मला सविस्तर कळव.

घरी सगळे मजेत. मी रागावलोय, पण लोभ तसाच आहे. तुझाही जरा संपर्क क्षेत्रात येऊ दे ही विनंती.

तुझा धाकटा,
खटपट्या


६ सप्टेंबर

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. अक्षर अजून तसंच, कोंबडी शाईत पाय बुडवून नाचून गेल्यासारखं. वाचायला मला चष्म्यावर चष्मा लावावा लागला.

माझ्या फोनला काहीही झालेलं नाही. उलट मी त्याला कपडे शिवलेत. हा फोन घेतल्यापासून माझं उजव्या बाजूचं डोकं ठणकायचं. एक गिऱ्हाईक म्हणालं की त्यातून किरणं निघतात, चंदेरी कागदात गुंडाळून ठेवा. आता गुंडाळून ठेवायला तो काय शिळा तुकडा आहे? मी चांगली पिशवीच शिवली. वरून जाड कॅनव्हास, आत फॉईलच्या कागदाचे तीन थर, त्यावर मऊ अस्तर, आणि तोंडावर झाकण दुमडून दोन टिचबटणं. चार्जिंगसाठीसुद्धा फोन बाहेर काढायला नको, म्हणून खाली वायरीपुरतं काज केलंय. हाताने, रेशमी दोऱ्याने. असं काज तुला लग्नाच्या कोटालाही कुणी करून दिलं नव्हतं.

तेव्हापासून डोकं एकदाही दुखलं नाही. बॅटरी तेवढी लवकर उतरते, पण फोन कसा शहाण्यासारखा गप्प पडून असतो. औषधवाल्याने एक पिशवी शिवून घेतली. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी एक नेली आणि आठवड्याने येऊन दुसरीही नेली. तुझ्यासाठी एक वेगळी पाठवतेय, तुझा फोन तांदळातून सुटून आला की कामाला येईल.

राहता राहिली भिंगरी. सविस्तर कळव म्हणतोस ना? मग ऐक. हा फोन तिनेच आणून दिलेला. मे महिन्यात आली, पिशवी पाहिली, आणि अशी हसत सुटली की हसता हसता जमिनीवर बसली. समोर मुख्याध्यापिका बाई, एका बाहीचं माप घेतलेलं, दुसरीचं घ्यायचं होतं. त्यांच्यादेखत मला म्हणाली की आई, तू शेवटपर्यंत अडाणीच राहणार. मी अडाणी! ह्या सुईवर मी घर चालवलं, ह्या सुईवर तिला तो लिफ्टचा कोर्स शिकवला. माझं तोंड सुटलं. म्हटलं, चालती हो, तोंड दाखवू नकोस, आणि तुझा तो फोनही मला करू नकोस.

आता गंमत बघ. आयुष्यात ह्या पोरीने माझं एक म्हणून ऐकलं नाही. झोप म्हटलं की टक्क जागी. शिवण शीक म्हटलं, तर पाना घेऊन पंख्यावर चढली. आणि नेमकं हेच ऐकलं! चार महिने झाले, तिचा आवाज कानावर नाही. मुकाट्याने ऐकायला तिला हाच एक हुकूम सापडला. तिच्याबद्दल मला पुन्हा विचारू नकोस. मला काही वाटत नाही.

भावजयीला म्हणावं, तांदूळ नीट चाळून घे. लोभाची शिवण तू आणखी ओढू नकोस, म्हणजे उसवायची नाही.

अक्का


७ सप्टेंबर

ती. स्व. मामांस,
सा. न.

शाळेनंतर पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला. काय करणार, तुमचाही फोन लागत नाही. म्हणजे आईने तुम्हालाही फितवलं. मामीचा नंबर माझ्याकडे नाही. तुमचा पत्ता मात्र डोक्यात पक्का होता, सुट्टीत यायचे तेव्हाचा.

मामा, आईने मला ब्लॉक केलंय. दर रविवारी सकाळी अकरा वाजता ती दुकानाचं शटर अर्धं ओढून चहा पीत बसते हे मला ठाऊक आहे, म्हणून मी बरोबर त्याच वेळी फोन करते. आज सतरावा रविवार. दर वेळी तेच, की ही व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. ब्लॉक केलं की असंच ऐकू येतं, मला पक्कं माहीत आहे. आमच्या साईटवर सगळेच सांगतात. लिफ्ट लवकर यावी म्हणून लोक बटण दहा-दहा वेळा दाबतात आणि मी त्यांना हसते. पण रविवारी अकरा वाजता मी तरी दुसरं काय करते?

चूक माझीच होती. परक्या माणसासमोर मी तिला अडाणी म्हणायला नको होतं. पण तुम्ही ती पिशवी पाहिली असती तर तुम्हीही हसला असता! तिला काज होतं, मामा. इतकं सुबक, इतकं बारीक काज, आणि कशासाठी, तर चार्जरच्या वायरीसाठी. मला खरं म्हणजे कौतुकच वाटलं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

लिहायचं कारण असं, की ३० तारखेला कंपनी मला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवतेय. थंडी खूप आहे म्हणतात. आईशी न बोलता मी जाऊ कशी? घरी यायचं म्हटलं तर तोंड दाखवू नकोस म्हणालीय. दार माझ्या तोंडावर लावलं तर मला सहन होणार नाही, मामा. त्यापेक्षा ती फोनवरची बाई परवडली. तिला एवढंच विचाराल का, की जाण्याआधी एकदा मला ब्लॉकमधून काढशील का? माझा नंबर खाली लिहिलाय.

तुमच्या लोभाला मी एरवी गृहीत धरते, आज मात्र मागून घेते.

तुमची भिंगरी

ता. क. बॅटरी शून्यावर उतरल्याशिवाय तुम्ही फोन चार्जिंगला लावत नाही, आणि रोज संध्याकाळी सगळी अॅपं एकेक करून दुकानाच्या फळ्या लावल्यासारखी बंद करता, असं मामी मागे म्हणत होती. दोन्ही करू नका. त्या जुन्या बॅटऱ्या वेगळ्या होत्या, आणि अॅपं पुन्हा पुन्हा उघडण्यात बॅटरी जास्तच खर्च होते.


१२ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, तुझं पत्र आणि तुझ्या आईने पाठवलेली पिशवी एकाच दिवशी दारात आली. मी लगेच तुझ्या मामीचा फोन त्या पिशवीत घातला, दोन्ही टिचबटणं लावली आणि शेजाऱ्यांच्या फोनवरून नंबर फिरवला. कोण बोललं असेल? तीच ती, गोड आवाजाची! पिशवी उघडली तर फोन खणखणीत वाजला. बंद केली की पुन्हा बाई. मी इतका हसलो की शेजारी पाणी घेऊन आले. मग तुझे सतरा रविवार आठवले आणि हसू गिळलं.

तुला कुणीही ब्लॉक केलेलं नाही. तुझ्या आईने अख्ख्या जगालाच तीन थरांच्या बाहेर ठेवलंय, त्यात तिची गिऱ्हाइकं आली, मी आलो आणि तूही आलीस. तिला तुझ्या फोनचा पत्ताच नाही. तिकडे ती मला लिहितेय की पोरीने आयुष्यात हाच एक हुकूम पाळला, आणि तिला काही वाटत नाही. काही वाटत नाही हे सांगायला तिने अर्धं पत्र खर्च केलंय.

तू मात्र आईला अडाणी म्हणालीस आणि स्वतः चार महिने सगळे सांगतात ह्यावर विसंबलीस. तुझी मामीही सगळे सांगतात म्हणून फोन तांदळात पुरून बसलीय. बॅटरीचं मी मोबाईलवाल्याला विचारून आलो, तो तू म्हणतेस तेच म्हणाला, आणि माझी अडतीस वर्षं खिशात घालून मी घरी परतलो. तेव्हा कुणी कुणाला हसायचं? आपण सगळे एकाच माळेचे मणी.

आता ही पिशवी चुकीची आहे असं अक्काला सरळ सांगून चालणार नाही. ती हट्टाने चौथा थर लावेल. लोखंडाने लोखंड कापायचं असतं, तेव्हा मी तिला आणखी मोठी थाप मारतोय. २१ तारखेच्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, नेहमीसारखा फोन कर. बाकी माझ्यावर सोड. हे तुला फोनवरच सांगितलं असतं, पण फोन तुझ्या मामीचा घेतला काय की शेजाऱ्यांचा, ती जवळ बसून ऐकणार, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

लोभ मागून घ्यायचा नसतो, वेडे.

मामा


१२ सप्टेंबर

ती. स्व. अक्का हिच्या सेवेशी,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तू पाठवलेली पिशवी मिळाली. शिवण पाहून डोळ्यांचं पारणं फिटलं. काज तर तुझी भावजय चार घरी दाखवून आली.

एक शास्त्रीय बाब मात्र तुझ्या नजरेस आणून देणं मी माझं कर्तव्य समजतो. अडतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, की अशा पिशवीत किरणं अडतात हे खरं, पण अडलेली किरणं जाणार कुठे? ती तीन थरांच्या आत साचतात. चार महिन्यांत पिशवी काठोकाठ भरली असणार. अंथरुणाला जसं आपण ऊन देतो, तसं फोनला आणि पिशवीला वारं द्यावं लागतं. त्यासाठी उत्तम दिवस म्हणजे २१ तारखेचा रविवार, सकाळी साडेदहा ते बारा. फोन पिशवीतून काढून खिडकीत ठेवावा. पिशवी उलटी करून शेजारी ठेवावी. फोन चालू असावा आणि आवाज पूर्ण मोठा असावा, म्हणजे उरलीसुरली किरणं आवाजावाटे बाहेर पडतात. ह्या वेळात, विशेषतः अकराच्या सुमारास, फोन वाजलाच तर ताबडतोब उचलावा. न उचलल्यास सगळी किरणं माघारी फिरतात, असा अनुभव आहे.

ह्यात हयगय करू नये. लोभाचीही अशीच अधूनमधून हवा बदलावी ही नम्र विनंती.

तुझा आज्ञाधारक बंधू,
खटपट्या


२२ सप्टेंबर

चि. खटपट्यास,
आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

किरणं आवाजावाटे बाहेर पडतात म्हणे! अडतीस वर्षं लोकांचे रेडिओ दुरुस्त केलेस की त्यांना असंच बनवलंस? तुझी थाप मी पहिल्याच ओळीत ओळखली. ती अक्षरावरून. लहानपणी आजारी असल्याची खोटी चिठ्ठी शाळेत द्यायचास, तेव्हा अक्षर कसं मोत्याच्या दाण्यासारखं यायचं. खरं लिहायला बसलास की कोंबडी नाचते. ह्या पत्रात एक कोंबडी नव्हती, आणि वर आज्ञाधारक! तेव्हाच म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

आता तू बसून ऐक. पिशवीत फोन वाजत नाही, हे मला मे महिन्यातच कळलं होतं. दोरेवाला तणतणत दुकानात आला, की फोन लागत नाही म्हणजे काय? मी सरळ औषधवाल्याकडे गेले आणि पिशवी बंद करून, उघडून, दोनदा फोन लावून घेतला. तू शोध लावलास तो मी चार महिने आधी लावलाय, रेडिओचं दुकान न काढता. ज्यांना पिशव्या दिल्या त्यांनाही मी लगेच सांगून आले. मुख्याध्यापिका बाई ते ऐकून इतक्या खूश झाल्या, की पालकांचे फोन बंद होतात म्हणून त्यांनी दुसरी नेली. किरणांचं खरंखोटं मला नाही ठाऊक. डोकं दुखायचं थांबलं ते झालं का, कधी मिळेल, असं दिवसभर विचारणारे गप्प झाले म्हणून, एवढं मलाही कळतं.

मग फोन बाहेर का नाही काढला, असं विचारशील. काढला होता. जून महिन्यात, एका बुधवारी. सकाळपासून दुकान बंद करेपर्यंत मशीनच्या फळीवर ठेवला. नजर सारखी त्याच्यावर. त्या नादात दोन शर्टांना बाह्या उलट्या लावल्या, त्या उसवत बसले. नाही वाजला. संध्याकाळी परत पिशवीत घातला आणि बटणं लावली. कारण पिशवीत असला आणि नाही वाजला, तर तो पिशवीमुळे नाही वाजला. बाहेर असून नाही वाजला, तर कुणामुळे? त्याचं उत्तर मला नको होतं रे. मला काही वाटत नाही असं तुला लिहिलं, तेव्हा माझंही अक्षर फार सुरेख आलं होतं. तुझ्या लक्षात आलं नाही.

तुझ्या पत्रात रविवार आणि अकरा वाजता वाचलं आणि माझा हात थांबला. किरणांना वार आणि वेळ कोण सांगतं? रविवारी अकराला मी चहा घेते, हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे.

साडेदहाला फोन खिडकीत ठेवला. तुझ्या शास्त्राचा मान राखून पिशवीही उलटी केली. शटर अर्धं ओढलं. अकरा वाजले. नाही वाजला. अकरा वाजून एक मिनिट. मी तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायला घेतला, मग लक्षात आलं की त्या माझ्याही आहेत. अकरा वाजून दोन मिनिटांनी तो असा कोकलला, पूर्ण मोठ्या आवाजात, की समोरच्या फुटपाथवरचं कुत्रं उठून पळालं.

उचलला. पलीकडे तीच होती. मग ती रडायला लागली आणि मी तिला फैलावर घेतलं, की अकरा म्हणजे अकरा, दोन मिनिटं उशीर का? बटणावर बोट ठेवून बसली होती म्हणे. मी म्हटलं, आणि मी इकडे घड्याळावर डोळे लावून बसले होते ते? तिने सतरा रविवारांचं सांगितलं, मी माझ्या एका बुधवारचं सांगितलं. मी बुधवारऐवजी रविवार धरला असता तर! माझी पोर सतरा वेळा दारात येऊन उभी राहिली आणि दाराला मीच टिचबटणं लावलेली. आम्ही दोघी रडलो, आणि मग काजाचा विषय निघाला तेव्हा दोघी हसलोही. ती म्हणाली, आई, अडाणी मीच. मी म्हटलं, बाई, तुझे मामा-मामी असताना तुझा नंबर कसा लागेल?

शुक्रवारी, २६ तारखेला येतेय. जायच्या दिवसापर्यंत इथेच राहील. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. जा म्हटलंय मी. तिच्यासाठी कोट बेतलाय, तिकडच्या थंडीला पुरेल असा, जाड लोकरीचा. आतून छातीशी फोनपुरता खिसा केलाय आणि त्याला साधं सुती अस्तर लावलंय. माझा फोन त्यात घालून, वर सगळी बटणं लावून, औषधवाल्याकडून तीन वेळा लावून घेतला. तिन्ही वेळा वाजला.

तुम्ही दोघंही शुक्रवारी या. येताना तांदूळ आणू नका. लोभ आहे आणि राहील. फक्त ह्यापुढे रविवारी अकरा वाजता मला फोन करू नकोस, लागणार नाही.

अक्का